दोन घड्याळांचा राहुकाळ

म्हैसूरच्या नजरबाद भागात, एका आडगल्लीत गुंडुरावांचं साड्या रंगवायचं आणि पॉलिश करायचं दुकान आहे. घराणं रंगाऱ्यांचं, घरात मराठी बोलणारं. पणजोबांच्या हातावर निळीचे डाग असे काही बसले होते की म्हणे चितेवरही हात निळेच होते. आता सगळ्या घराण्यात रंगाच्या पातेल्यात हात घालणारे एकटे गुंडुरावच उरलेत. बाकी कोण बँकेत, कोण मोबाइलच्या दुकानात.

त्या दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं आहेत. एक म्हैसूरचं, दुसरं कॅलगरीचं. कॅलगरी कॅनडात. तिथं त्यांची लेक अमूल्या, जावई किरणकुमार, त्यांची जुळी पोरं, आणि दोन वर्षांहून अधिक काळ गुंडुरावांची बायको कुसुमावती. हिवाळ्यात या दोन घड्याळांची मोठी मजा होते. काटे पाहिले तर फरक फक्त अर्ध्या तासाचा. दुसरं घड्याळ थोडं मागं पडलंय, एवढंच पाहणाऱ्याला वाटतं. तिकडे मध्यरात्र असते आणि इकडे भरदुपार, ते काट्यांवरून कुठं कळतंय! पिरियापट्टणचा एक तंबाखूवाला शेतकरी मुलीच्या लग्नाची साडी न्यायला आला होता. त्यानं चुकीच्या घड्याळाकडं बघून निवांत दोन कॉफ्या घेतल्या आणि शेवटची बस घालवली. गुंडुरावांनी त्याला घरी नेऊन जेवायला घातलं, झोपायला चटई दिली. सकाळी जाताना तो म्हणाला, “त्या घड्याळावर कापड तरी टाका हो!” गुंडुरावांनी टाकलं नाही. बायकोच्या तोंडावर कापड टाकल्यासारखं वाटलं असतं त्यांना.

कुसुमावती गेली होती सहा महिन्यांसाठी. लेकीचं बाळंतपण उरकलं की परत. पण निघायच्या दिवशी हाराची बाई उशिरा आली, गाडीवाला भोंगा वाजवायला लागला, फोनवर जावई “विमान चुकेल, विमान चुकेल” करत होता, आणि या सगळ्या घाईत कुसुमावतीनं उंबरा ओलांडला तो नेमका राहुकाळात. राहुकाळ म्हणजे दिवसातला दीड तास. रोज वेगळ्या वेळी येतो. म्हैसूरला त्या वेळात लोक नवं काम काढत नाहीत, नवी गाडी शोरूममधून हलवत नाहीत. गुंडुराव तर त्या वेळात साडीसुद्धा रंगात बुडवत नाहीत. रंग डाग धरतो म्हणतात.

झालं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. आधी जुळ्यांतला एक अशक्त निघाला. मग अमूल्याची रजा संपली. मग कुसुमावती बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. प्रत्येक वेळी तिकीट पुढं गेलं, आणि प्रत्येक वेळी गुंडुरावांनी मनातल्या मनात राहूला हात जोडले. बाबा रे, एकदा चुकलं. आता सोड तिला.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. आवाज दबका होता.

“अहो, ऐकताय ना? मला परत आणा.”

“का गं? काय झालं?”

“काही नाही झालं. पोरं गोड आहेत, जावई चांगला आहे. पण काल शेजारची एक बाई गेली. गाडी आली, घेऊन गेली, ना रडणं ना काही. मी खिडकीतनं बघत होते. म्हटलं, मला इथं काही झालं तर? या बर्फात? मला फार भीती वाटती हो.”

गुंडुरावांच्या हातातली साडी तशीच खाली गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई पालीला भ्यायली नव्हती, पोलिसाला भ्यायली नव्हती, खुद्द सासूला भ्यायली नव्हती.

“अमूल्याला सांग ना, ती तिकीट काढेल.”

“ती उन्हाळ्यापर्यंत थांब म्हणते. मी तोंड उघडलं की तिचे डोळे भरतात. तुम्हीच काढा आणि मला पाठवा. निघायच्या आदल्या दिवशी मी सांगीन तिला. पाठवलं तुम्ही होतं, आणायचंही तुम्हीच.”

आता गुंडुरावांनी आयुष्यात कशाचं तिकीट काढलं असेल तर ते बसचं. म्हणून ते गेले नरसिंगरावांकडे. हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. सरकारी बसच्या रिझर्वेशनच्या खिडकीत यांचा जन्म गेला. कुठली बस कुठं मिळेल, कुठं उतरून कुठली पकडायची, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील. दुसरा नाद पंचांगाचा. विमानाचं तिकीट मोबाइलवर निघतं हे कळल्यावर तर त्यांच्या अंगात वारं शिरलं.

“अरे गुंडू, काय अवघड आहे त्यात? बस काय नि विमान काय. एकाला रस्ता लागतो, दुसऱ्याला नाही.”

दोघं मोबाइल घेऊन बसले. कॅलगरीहून थेट बेंगळूरपर्यंतची एकाच तिकिटावरची विमानं दिसत होती. पण गुंडुरावांची अट होती की राहुकाळात विमान उडता कामा नये. आणि तिथंच घोळ झाला.

“राहुकाळ कुठला धरायचा?” नरसिंगरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “तिथला की इथला?”

“विमान तिथनं उडणार. तिथला.”

“पण बायको कुणाची? इथली. घर कुठं? इथं.”

“मग?”

“दोन्ही धरू. सुम्मने, उगाच कशाला धोका?”

असं म्हणून त्यांनी दोन्ही घड्याळांचे राहुकाळ एका कागदावर मांडले आणि विमानं एकेक करून बाद करायला सुरुवात केली. हे तिथल्या राहुकाळात. ते इथल्या. एक दोन्हीकडून बरं होतं, तर त्या दिवशी अमावास्या. डिसेंबर होता, नाताळची गर्दी, जागा भराभर उडत होत्या. शेवटी नरसिंगरावांनी टाळी वाजवली.

“मिळालं! शुक्रवारी संध्याकाळी एक विमान फ्रँकफर्टपर्यंत जातं. तिथं उतरायचं, बॅगा घ्यायच्या, दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसायचं, बेंगळूर. दोन तिकिटं वेगवेगळी काढू. राहू ना इथला आडवा येत, ना तिथला.”

“तिला जमेल? उतरायचं, बॅगा घ्यायच्या...”

“अरे, मडिकेरीला जाताना हुणसूरला बस बदलत नाही आपण? तसंच.”

तिकिटं निघाली. गुंडुरावांनी ती मोबाइलवर बायकोला पाठवली, आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवली.

ज्या दिवशी हे सगळं उलटलं तो गुरुवार होता, विमानाच्या आदल्या दिवशीचा. संध्याकाळी देवश्री साडी घ्यायला आली. पुण्याकडची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, राहायला कुवेंपुनगरला. पॉलिशची दुकानं तिकडेही आहेत, पण मराठी बोलायला मिळतं म्हणून ती स्कूटरवरून नजरबादला यायची आणि गुंडुरावांच्या मराठीला मनसोक्त हसायची.

“काका, आज स्वारी खूश दिसतेय!”

“खूश म्हणजे काय! रविवारी माझी बायको येती. तिकीट मी काढलंय. हे बघ.”

तिनं हसत हसत मोबाइल हातात घेतला. हसू जिथल्या तिथं राहिलं. तिनं बोटानं वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं.

“काका, ही दोन तिकिटं वेगळी आहेत.”

“हो तर! दोन्ही राहुकाळ चुकवून काढलीत.”

“म्हणजे फ्रँकफर्टला काकूंना बॅगा घ्यायला बाहेर यावं लागेल. विमानतळाच्या आतल्या आत नाही जमणार. बाहेर म्हणजे जर्मनीत. तिथला व्हिसा आहे का त्यांच्याकडे?”

“तिला जर्मनीत कुठं राहायचंय? बॅगा घेऊन पुढं जायचंय.”

“ते आपण म्हणतो, काका. ते लोक नाही ऐकणार. बहुतेक कॅलगरीलाच विमानात चढू देणार नाहीत. आणि चुकून चढल्या, तर तिकडे अडकतील.”

ती बरंच काही बोलली, पण गुंडुरावांच्या कानात एकच शब्द राहिला. अडकतील. पॉलिशचं यंत्र चालूच होतं. त्यांना एक मोठा काचेचा दरवाजा दिसला, त्याच्यामागं नऊवारी नेसलेली, मफलर गुंडाळलेली कुसुमावती, दोन्ही हातांत दोन बॅगा, आणि बाहेर जिकडं तिकडं न कळणारी भाषा. तिला कानडी येतं, मराठी येतं, आणि इंग्रजीत “थँक्यू” येतं. तेवढ्यावर काय होणार? यंत्रातली साडी करपल्याचा वास आला तेव्हा देवश्रीनंच धावत जाऊन बटण बंद केलं.

“काका, बसा. आधी पाणी प्या. आणि लेकीला फोन करा. आत्ता, लगेच.”

“लेकीला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“की तिची आई उद्या निघतीय.”

देवश्री म्हणाली, “काका, तुम्ही दोघांनी पळून जायचा बेत केलाय की काय?”

एरवी गुंडुराव पोट धरून हसले असते. आज ते घड्याळांकडं वळले. दुसऱ्या घड्याळात सकाळचे सहा वाजत आले होते. कुसुमावती उठलेली असणार. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. तिनं अजून सांगितलं नसेल तर? सांगितलं असेल आणि तिथं भांडण पेटलं असेल तर? की पायच घसरला असेल पुन्हा? तिसऱ्या वेळी फोन उचलला, तो अमूल्यानं.

“अप्पा? इतक्या सकाळी? आई चहा करतीय. काय झालं?”

गुंडुरावांनी डोळे मिटले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. आईचं घाबरणं, तिकीट, नरसिंगराव, फ्रँकफर्ट, सगळं.

“मी आईला कोंडून ठेवलंय का, अप्पा?” अमूल्या म्हणाली. “मला सांगायचं ना एकदा! मला न सांगता... आणि विमानाचं तिकीट कोण काढणार, तर बसवाले मामा!”

“चुकलं गं पोरी. रागव मला. पण आधी तिला अडकू देऊ नको. हात जोडतो.”

मागून कुसुमावतीचा आवाज आला, “कोण आहे? ह्यांचा फोन? अय्यो, सांगितलं वाटतं ह्यांनी!” मग मायलेकींचं काहीतरी, मग रडणं, मग एका पोराचं किंचाळणं, मग जावयाचा आवाज. गुंडुराव फोन कानाला घट्ट दाबून उभे. देवश्री स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. स्वतःची साडी घ्यायची तीही विसरली होती.

पुष्कळ वेळानं अमूल्या परत फोनवर आली. आता तिचा आवाज कामाचा झाला होता.

“अप्पा, नीट ऐका. महिनाभर जागा नाहीत. एकच मिळतीय. उद्याचीच, एका तिकिटावर, बॅगा थेट बेंगळूरला. मधे व्हीलचेअरवाला माणूस आईला एका विमानातून दुसऱ्या विमानात नेईल, बाहेर यायला नको. हे घेतलं नाही तर मग जानेवारीचा शेवट. पण...”

“पण काय?”

“सकाळी अकराला उडतं. शुक्रवारी. तुम्ही बघा काय ते.”

बघायचं काय त्यात? शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. हे म्हैसुरात कुणालाही विचारा. विमान नेमकं त्याच्या मधोमध. एकदा त्या वेळात ती गेली आणि दोन वर्षं परतली नाही. आता त्याच वेळात, समुद्रावरून, एकटी? आणि नको म्हणावं, तर तिथल्या बर्फात ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघणार, आणखी किती दिवस कोण जाणे.

फोन कुसुमावतीनं घेतला होता.

“अहो. बसू का मी? तुम्ही बस म्हणाला तर बसते.”

या बाईनं त्यांना कधी काही विचारून केलं नव्हतं. आज विचारत होती, म्हणजे तीही तेवढीच भ्यायली होती. गुंडुराव भिंतीकडं बघत राहिले. आणि कुठून कसं कोण जाणे, त्यांना त्यांची आई आठवली. वडील रंगीत कापडाचे गठ्ठे घेऊन नंजनगूडच्या जत्रेला निघायचे. निघायची वेळ वाईट असली की आई आदल्या दिवशी, चांगली वेळ बघून, त्यांचं एक धोतर, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधायची आणि ते गाठोडं शेजाऱ्याकडं ठेवून यायची. प्रस्थान ठेवलं म्हणायची. म्हणजे माणूस तेव्हाच निघाला. मग दुसऱ्या दिवशी तो कधी का घराबाहेर पडेना, जाताना गाठोडं उचलायचं की झालं.

“अगं, प्रस्थान ठेव!” ते एवढ्यानं ओरडले की देवश्री दचकून उभी राहिली. “आजच ठेव. तिथल्या दुपारी दीडच्या आत, आज तिथं दीडनंतर राहू. एक साडी, सुपारी, हळकुंड, तांदूळ. शेजारी कुणाकडं तरी नेऊन ठेव. मग तू आजच निघालीस. उद्याच्या राहूचा तुझ्याशी संबंध नाही.”

मग कुसुमावती म्हणाली, “सुपारी आहे माझ्याकडं.”

“आयतु, झालं तर! मग बस विमानात.”

शेजारी कोण, तर दुसऱ्या बाजूच्या घरातली एक पोलंडची म्हातारी. एकटी राहते. कुसुमावतीनं आपली जांभळी सुती साडी काढली. लग्नानंतर गुंडुरावांनी स्वतःच्या हातानं रंगवून दिलेली पहिली साडी, कॅनडातही उशाशी ठेवलेली. तिच्यात सगळं बांधलं आणि बर्फ तुडवत शेजारणीच्या दारात गेली. भाषेचा प्रश्न आलाच नाही. गाठोडं हातात दिलं, हात जोडले, खुणेनं सांगितलं की उद्या येते न्यायला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना शेजारणीचे पडदे बंद होते. अमूल्यानं घंटी वाजवली, दार वाजवलं. म्हातारी कानानं अधू. गाडी सुरू, बर्फ पडायला लागलेला, थांबायला वेळ नाही. गाठोडं तिथंच राहिलं, आणि कुसुमावतीचं विमान राहुकाळात उडालं.

हे अमूल्यानं फोनवर सांगितलं आणि गुंडुराव तडक नरसिंगरावांकडे गेले. प्रस्थान ठेवलं, पण उचललं नाही! असं कधी झाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. नरसिंगरावांनी पंचांग पुढून मागून चाळलं.

“याच्यावर काही लिहिलेलं नाही रे.”

“म्हणजे बायको माझी निघाली की नाही?”

“निघाली. पण निम्मी तिथं राहिली असं धर.”

“निम्मी म्हणजे कुठली निम्मी, नरसू?”

नरसिंगरावांनी पंचांग मिटलं. शनिवारभर गुंडुरावांनी दुकान उघडलं ते फक्त घड्याळं बघायला. आत्ता कुठं असेल? व्हीलचेअरवाला आला असेल का? तिनं उपाशीच बसायचं ठरवलं असेल का? देवश्री ऑफिसातून दर थोड्या वेळानं विमान कुठवर आलं ते कळवत होती. मधे एकदा तिचा मेसेज यायचा थांबला, तर गुंडुराव अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. कशाला गेले होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी बेंगळूरच्या विमानतळावर दोघे मित्र कठड्याला रेलून उभे होते. माणसं बाहेर पडत होती. सूटवाले, पोरंवाले, मिठ्या मारणारे. कुसुमावती नाही. गर्दी विरळ झाली. कुसुमावती नाही. शेवटचे दोनतीन जण बाहेर आले आणि दार बंद झालं. गुंडुरावांनी नरसिंगरावांचा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं.

“निम्मी...” ते पुटपुटले.

मग दार पुन्हा उघडलं. व्हीलचेअर आली. तिच्यावर दोन्ही बॅगा रचलेल्या, आणि ती ढकलत येणारी कुसुमावती. मागून तो व्हीलचेअरवाला माणूस हात हलवत सांगतोय, अम्मा, तुम्ही बसा, बसा! ती ऐकतच नव्हती.

गुंडुरावांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. पुरी होती.

“काय बघताय?” ती म्हणाली. “किती वाळलात! आणि हे काय, बसवालेही आलेत?”

“वहिनी, माझं चुकलं,” नरसिंगराव खाली बघत म्हणाले.

“बिडू हो, सोडा ते. तुमच्या त्या विमानात बसले असते तर आत्ता जर्मनीत भाकऱ्या थापत असते.” आणि मग तिनं नवऱ्याचा हात धरला, भर विमानतळावर, लोकांदेखत, आणि सोडला नाही. तिचा हात गार होता.

पंधरा दिवसांनी अमूल्याचा फोटो आला. शेजारणीला गाठोडं ही निरोपाची भेट वाटली होती. सुपारी तिनं काचेच्या वाटीत मांडून ठेवली होती आणि साडी पुढच्या खिडकीला पडदा म्हणून लावली होती. बाहेर सगळं पांढरं, आणि मधे तो जांभळा रंग. अमूल्यानं खाली लिहिलं होतं, पोरं रोज त्या खिडकीकडं बोट दाखवून आजी म्हणतात.

कुसुमावतीनं फोटो फार वेळ बघितला. डोळे पुसले. गुंडुरावांनी चष्मा लावून फोटो मोठा केला.

“खिडकीला कशाला लावली? उन्हानं रंग उतरेल.”

“तिथं ऊन कुठंय?”

“उन्हाळ्यात असेल ना? चाळीस वर्षं टिकलाय तो रंग.” ते परत परत बघत होते. “एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे. दोघांनी जाऊन.”

दुकानातल्या बाकावर बसलेल्या नरसिंगरावांचा हात आपोआप पिशवीतल्या पंचांगाकडं गेला. कुसुमावतीनं ते वरच्या वर काढून घेतलं आणि रंगाच्या डब्यांमागं ठेवून दिलं.

“तुम्ही कॉफी घ्या, भावजी. तिकीट अमूल्या काढेल,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. “आणि तुम्ही हो, सुपारी बघून ठेवा. आदल्या दिवशी लागेल.”